रिकामी गाडी

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेर सांगायची नसते. ती मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मोठा माणूस गेला की त्याच्यासाठी दोन गाड्या निघतात. एक मोठी, काळी, काचेची, टपावर फुलांची रास आणि आतून पडदे लावलेली. ती हमरस्त्याने जाते. लोक तिच्यामागे धावतात, रडतात, फोटो काढतात, आणि तिच्यात कोणीही नसतं. खरा माणूस तेवढ्यात साध्या पांढऱ्या व्हॅनमधून, मंडईच्या मागच्या गल्लीने, कोणाच्या अध्यात ना मध्यात, शांतपणे पोचतो. घरच्यांना निवांत निरोप देता येतो आणि लोकांना वाटतं आपण शेवटपर्यंत सोबत केली. दोन्हीकडची माणसं समाधानाने घरी जातात. यात कोणाचं नुकसान झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

रिकामी गाडी चालवणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. ओझं नसलं की गाडी स्प्रिंगांवर उचललेली दिसते, आणि गर्दीत एखादा तरी गॅरेजवाला असतोच. म्हणून आम्ही आत वाळूची पोती टाकतो. दुसरी गोष्ट वेगाची. माणूस घेऊन जाताना मी पायी चालणाऱ्याच्या चालीने जाते. गिअर बदललेला आतल्याला कळता कामा नये, असं माझ्या वडिलांनी मला शिकवलं, आणि तेही हीच गाडी चालवायचे. रिकाम्या गाडीला हे लाड नाहीत. तिला रेटत न्यायचं. ती थांबली की लोक काचेला चिकटतात, आणि लोक काचेला चिकटले की बिंग फुटतं.

मी शववाहिनी चालवते, हे एव्हाना कळलं असेल. एखाद्या समारंभाला गेले की माझ्या शेजारची खुर्ची शक्यतो रिकामी राहते. मला पाय पसरायला बरं पडतं.

तर त्या रविवारी सकाळी मामा गेले. माझे नव्हेत, सगळ्यांचे. टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी दिसायचे ते. डोक्यावर चौकटीची टोपी. विनोद झाला की ती उचलायची आणि उलटी घालायची, बस, एवढंच. त्यावर माणसं तीस वर्षं पोट धरून हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

बातमी आली आणि शहर उलटंपालटं झालं. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. काही दुःखाने आली आणि काही शेजारच्याचं खाली आलं म्हणून. फुलवाल्यांनी भाव तिप्पट केले आणि डोळे पुसत पैसे घेतले. बातम्या सांगणारी मुलगी बातमी सांगता सांगता रडली, तर दुसऱ्या चॅनलवरच्या मुलाला रडू येईना, म्हणून तो नुसताच जोरात बोलत राहिला. आमच्या गॅरेजसमोरचा घड्याळवाला आठवड्यापूर्वीच मला म्हणाला होता, मामा आता संपले, तेच तेच करतात. तो आता टोपी घालून पायरीवर बसला होता आणि त्याच्याने बोलवत नव्हतं. मला आधी त्याचा राग आला. मग त्याचं नाक बघितलं, लालभडक झालं होतं. नाक लाल करण्याचं नाटक कोणाला जमत नाही, म्हणून मी राग सोडून दिला.

मामांचं काम आमच्याकडे आलं. आमचे मालक लहान धंद्याचे मोठे मालक. असं गिऱ्हाईक आलं की त्यांना जमिनीवर पाय ठेवायला जागा सापडत नाही. तीन गाड्यांपैकी एका मोठ्या गाडीचा क्लच खोलून ठेवलेला. उरली दुसरी मोठी आणि पांढरी व्हॅन. व्हॅन लांब्या नेणार होता, आमचा दुसरा ड्रायव्हर, ज्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. त्यात खरे मामा. मोठी गाडी माझ्याकडे, त्यात वाळू.

मी पोती भरत होते तेव्हा एक बाई फाटकातून आत आली. सत्तरीची असेल. केस घट्ट बांधलेले, हातात छत्री, आणि ऊन असून ती मिटलेली.

"आमची गाडी कुठली?" तिने विचारलं.

मालक पुढे झाले. "काकू, फोनवर बोललो ना आपण. आज शक्य नाही. उद्या सकाळी पहिली गाडी तुमची."

"उद्या नाही. आज."

"अहो, मामा गेलेत. रस्ते बंद आहेत."

"मामा गेले ते माहीत आहे मला. सकाळपासून दोनदा रडले मी त्यांच्यासाठी. पण माझा माणूसही गेलाय, आणि तो मामांच्या आधी गेलाय. नंबर आमचा आधी लागतो."

लांब्या हसू दाबायला व्हॅनच्या मागे गेला. मालकांनी आवाज मऊ केला. पैसे न देणाऱ्याशी ते असंच बोलतात. "काकू, तुमच्याकडे माणसं तरी कोण आहेत आज? सगळं गाव तिकडे गेलंय. उद्या निवांत, चार माणसांत करू. एका दिवसाने काय बिघडतं?"

काकूंनी छत्री टेकवली. "हे पाणी सोडायचे. टाकीपासून पुलापर्यंतच्या सगळ्या वस्तीला. चाळीस वर्षं, रोज पहाटे. ताप असला तरी गेले. आमचं भांडण झालेलं असलं तरी गेले, आणि आमची भांडणं काही थोडी नव्हती. 'उद्या सोडतो' असं हा माणूस एकदाही म्हणाला नाही. त्याला मी उद्यावर टाकू?"

मालकांनी घड्याळाकडे बघितलं. ते उत्तर नसलं की घड्याळाकडे बघतात. आणि माझं डोकं फिरलं. माझ्या हातात वाळूचं पोतं होतं. एवढी मोठी गाडी, धुतलेली, पुसलेली, फुलांनी मढवलेली, आणि ती मी वाळूसाठी नेणार. इकडे या बाईच्या माणसाला जागा नाही. मी पोतं खाली टाकलं.

"मालक, वाळूऐवजी माणूस नेऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या गाडीला माणूस नाही आणि काकूंच्या माणसाला गाडी नाही. यात अवघड काय आहे? वजन वजनाच्या जागी. पडदे लावलेले. मामांच्या घरापाशी जायच्या आधी काकूंच्या घरी जाते, यांना घेते, मग तिथून ठरलेल्या रस्त्याने निघते. शेवटी पोचायचं त्याच विद्युतदाहिनीला आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोणाला कळलं तर?"

"पोती आहेत हे आजवर कोणाला कळलंय?"

मालक फेऱ्या मारायला लागले. होय म्हणावं तर भीती, नाही म्हणावं तर ड्रायव्हर दुसरा कोणी नाही. शेवटी ते काकूंसमोर उभे राहिले. "एकच अट. तुम्ही पुढे बसायचं आणि मामा पोचल्याचा लांब्याचा फोन येईपर्यंत लोकांसमोर चकार शब्द काढायचा नाही. मामांच्या घरच्यांना मी शब्द दिलाय."

"मला बोलायची हौस नाही," काकू म्हणाल्या. "मी दर रविवारी गप्पच असते."

या वाक्याचा अर्थ मला गाडीत कळला.

काकूंच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, त्यांचे यजमान पलंगावर होते. उंच, हाडकुळे, तळहात रुंद. खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याने त्यांची दाढी करून ठेवली होती, अगदी मन लावून. तो, त्याची बायको, मी आणि काकू, अशा चौघांनी त्यांना जिन्यावरून खाली आणलं. बाकीच्या सगळ्या दारांना कुलपं होती. काकू प्रत्येक कुलपाकडे बघत उतरल्या. खाली आल्यावर छत्री विसरलात का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. डोळे भरलेले होते.

न्हाव्याची बायको म्हणाली, "आम्ही येऊ मागून, जमेल तिथून."

"या," काकू म्हणाल्या. "दोन झाले."

तेव्हा मला कळलं की ही बाई माणसं मोजते आहे. कोणी मागे चालेल की नाही, एवढीच तिला काळजी होती. आणि मी तिला घेऊन अशा रस्त्याने निघाले होते, जिथे हजारो माणसं होती आणि तिचं एकही नव्हतं.

मामांच्या घरापासून आम्ही निघालो आणि गर्दी अंगावर आली. रस्त्याच्या दोन्ही कडांना, पायऱ्यांवर, गच्च्यांवर, पत्र्यांवर टोप्याच टोप्या. गाडी दिसली की लोक टोपी उचलायचे आणि उलटी घालायचे, मामा करायचे तशी. पुढच्या काचेवर फुलं आदळत होती. वायपर लावावा तर बरं दिसेना. एक वाहतूक पोलीस एका हाताने वाट करून देत होता आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. बसच्या टपावर चढलेला एक मुलगा ओरडला, "मामा, एकदा शेवटचं हसवा हो!" आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे रडायला लागले.

काकू आधी टवटवीत झाल्या. "बघा, बघा," त्या हळूच मागे वळून म्हणाल्या. ते मला नव्हतं. "आहे का तुमच्या साहेबाच्या नशिबात एवढी गर्दी? उगाच घाबरायचात त्याला."

मग त्या मला झाकणं दाखवायला लागल्या. रस्त्यातली लोखंडी, गोल, पाण्याच्या वॉल्व्हची झाकणं. "हे यांचं. पलीकडे ते हिरव्या दारासमोरचं, तेही यांचंच. ते एक फार जड होतं, पाठ धरायची यांची." मी वर्षानुवर्षं त्या झाकणांवरून गाडी नेते, कधी बघितलं नव्हतं.

"मामा आवडायचे तुम्हाला?" मी विचारलं.

"फार. आणि यांना डोळ्यासमोर नको. म्हणायचे, हा माणूस हसवत नाही, गुदगुल्या करतो. मामा लागले की हे उठून टीव्ही बंद करायचे. मी पुन्हा लावायचे, हे पुन्हा बंद. शेवटी मी शेजारी जाऊन बघायचे आणि परत आले की कोणी कोणाशी बोलायचं नाही. दर रविवारी. आज बघा, दोघं एकाच दिवशी गेले. आता भांडायचं कोणाशी?"

मी हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी चूक केली आहे. साधी चूक नाही, आमच्या धंद्यातल्या माणसाखेरीज कोणी करणार नाही अशी. रिकामी गाडी रेटायची, हे मला पाठ होतं. पण गाडी रिकामी नव्हती. मागे माणूस आहे हे माझ्या पायांना ठाऊक होतं, आणि पाय आपलं काम करत होते. क्लच हळुवार, वेग चालण्याचा, गिअर असा की कोणाची झोप मोडू नये. मी काकूंच्या नवऱ्याला नेत होते तशी मामांची गाडी नेत होते, आणि पुलाच्या अलीकडच्या चौकात लोकांनी ती सहज थांबवली.

समोर माणसं, मागे माणसं. काचेवर हात. कोणीतरी काकूंना पाहिलं.

"मामी!"

मामांनी आपल्या घरच्या माणसांना कधी लोकांसमोर आणलं नव्हतं. त्यांची बायको कशी दिसते हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या सीटवर बसलेली, रडलेली म्हातारी बाई म्हणजे मामीच, दुसरं कोण? "मामी, धीर धरा!" "मामी, आम्ही आहोत!" एका बाईने अर्ध्या उघड्या खिडकीतून आत हात घातला आणि काकूंचा हात घट्ट धरला. "नशीबवान हो तुम्ही, मामी. घरी किती हसवलं असेल त्यांनी तुम्हाला."

काकूंचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी हात सोडवून घेतला, काच वर केली आणि दाराची कडी धरली.

"उघडा हे."

"काकू, थांबा. मालकांनी शब्द दिलाय. तिकडून फोन येऊ दे."

"कधी येईल?"

"माहीत नाही."

"शब्द दिलाय तर मी गप्प बसेन. पण मामी म्हणून बसणार नाही. या माणसाने मला जन्मात एकदाही हसवलं नाही, पण तो माझा माणूस आहे. याच्या गाडीत बसून मी दुसऱ्याची बायको म्हणून लोकांचं रडणं घेऊ? यांना काय वाटेल?"

बाहेर लोक काच वाजवत होते, आत ती बाई कडी धरून बसली होती आणि मागे तो माणूस. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत घामाने भिजले. काकू शब्दाला पक्क्या निघाल्या. ओठ मिटून, समोर बघत बसल्या. मग फोन वाजला.

"पोचलो," लांब्या म्हणाला. "घरचे आत गेलेत. दार बंद झालंय. तू सूट आता."

डावीकडे एक गल्ली होती. पोलिसाला खूण केली असती तर त्याने वाट काढून दिली असती, आणि आम्ही तीन माणसं, एक मेलेला आणि दोन जिवंत, गुपचूप निघून गेलो असतो. मालकांनी तेच करायला सांगितलं असतं. मी इंजिन बंद केलं.

"बोला काकू," मी म्हणाले. "आता कोणाचा शब्द मोडत नाही."

त्या दार उघडून गाडीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. एका हाताने त्यांनी आरसा धरला होता. गर्दी शांत झाली. मामी बोलणार होत्या ना.

"मी मामी नाही," काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. "मामा या गाडीत नाहीत. त्यांना त्यांच्या घरच्यांनी शांतपणे नेलं, ते पोचले. आत माझे मालक आहेत. आज सकाळी गेले. ते पाणी खात्यात होते. इथलं पाणी तेच सोडायचे. गाडी मिळत नव्हती म्हणून आम्ही यात आलो. तुमची फुलं आमच्यावर पडली, त्याबद्दल माफ करा."

एक तरुण, टोपी उलटी, पुढे घुसला. "फसवलं आम्हाला! सकाळपासून उन्हात उभे आहोत आम्ही, आणि हे लोक आम्हाला..." पुढचा शब्द त्याला सापडेना. 'मामा बनवतात' असं म्हणायचं असणार, आणि त्या दिवशी ते कोणाच्याच तोंडून निघत नव्हतं.

मी दुसऱ्या बाजूने उतरले. "फसवलं? तुम्ही एका माणसाला निरोप द्यायला आला होतात ना? आत माणूस आहे. मेलेला आहे, खात्रीने सांगते, माझा धंदा आहे तो. आता निरोप देणार असाल तर द्या, नाहीतर बाजूला व्हा. पण या बाईसमोर आवाज चढवायचा नाही."

तो मागे सरला. बरेच जण निघाले. काही जण दाहिनीच्या दिशेने धावत सुटले, वरातीमागून घोडं. काही जण नुसतेच रागावून गेले. चौक मोकळा होत गेला. काकू पायरीवर उभ्या राहून जाणाऱ्यांकडे बघत होत्या, आणि मला वाटलं की हिला हे बघायला लावलं ही माझी चूक झाली. निदान मघाशी खोटी का होईना गर्दी होती.

तेव्हा बंद दुकानाच्या पायरीवरून एक म्हातारी उठली. काठी टेकत गाडीपर्यंत आली. डोक्यावर टोपी होती, तिच्या मापाची नसलेली.

"पाणी सोडणारा म्हणजे कोण?" तिने विचारलं. "झाकणावर चावी आपटायचा, तो?"

काकूंनी तिच्याकडे बघितलं. "हो. लोखंडी चावी होती, लांब. पाणी सोडलं की झाकणावर मारायचे."

"ठण ठण ठण," म्हातारी म्हणाली. "म्हणजे उठा, पाणी आलं. मी त्या आवाजावर चार पोरं शाळेत पाठवली. घड्याळ नव्हतं आमच्याकडे."

"नवा माणूस वाजवत नाही," कोणीतरी मागून म्हणालं. "आमच्याकडे आता कोणालाच जाग येत नाही."

"मी आवाज ऐकला की बादल्या घेऊन पळायचे," खिडकीतून हात धरणारी ती मघाचीच बाई म्हणाली. ती गेलेली नव्हती. "माणूस कधी बघितला नाही. अंधार असायचा."

एक जाडजूड गृहस्थ जरा अवघडून पुढे आले. "खरं सांगू का? मी त्यांना शिव्या द्यायचो. रोज. तिसऱ्या मजल्यावरून. साखरझोपेत तो ठणठणाट..."

काकू हसायला लागल्या. आरसा धरून, पायरीवर उभ्या राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "तुम्ही होय ते! घरी येऊन सांगायचे मला. म्हणायचे, तिसऱ्या मजल्यावर एक शिव्या देतो, पण काय एकेक शिव्या देतो! त्याला ऐकू यावं म्हणून त्या झाकणावर एक ठोका जास्त मारायचे."

गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली. उलटी घातली नाही. हातात धरली, छातीशी. मग म्हातारीने काढली. मग बाकीच्यांनी. मी गाडी सुरू केली आणि या वेळी मुद्दाम, जाणूनबुजून, पायी चालणाऱ्याच्या चालीने निघाले. काकू पुढे बसल्या नाहीत. त्या गाडीच्या मागे चालल्या, आणि म्हातारी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन. आरशात मला माणसं दिसत होती. न्हावी आणि त्याची बायको पुलावर येऊन मिळाली. मी मोजली नाहीत. काकूंनीही मोजणं सोडलं होतं, त्या बोलत होत्या. इतकं, की ती बाई रविवारी गप्प असते यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

दाहिनीच्या फाटकाशी मालक घामाघूम उभे होते. आरडाओरडा करायच्या तयारीने ते पुढे आले, मागची माणसं बघितली, आणि थांबले.

"हे सगळे मामांचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "काकूंच्या मालकांचे."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी स्वतः फाटक उघडून धरलं, हे मी त्यांच्या नावे जमा करून ठेवलंय.

सगळं झाल्यावर मी काकूंना घरी सोडायला निघाले. संध्याकाळ झाली होती. रस्त्यांवर चेंगरलेली फुलं आणि पडलेल्या टोप्या, आणि उघडी दुकानं. लोक बिस्किटं, साबण, बल्ब घेत होते. मला त्याचा राग आला नाही. रडून झालं की माणसाला भूक लागते.

काकू मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. थकल्या होत्या, पण पाठ ताठ होती. रविवारची वेळ झाली होती. मला वाटलं, आज या बाईला कोणी अडवणारं नाही, निदान आज तिला तिचे मामा ऐकू द्यावेत. मी रेडिओ लावला. मामांचा जुना कार्यक्रम लावलेला होता, त्यांच्या आठवणीसाठी. ते घरमालकाला भाडं द्यायचं कसं टाळतात ते. तिकडे लोक खदखदा हसत होते.

काकू ऐकत राहिल्या. ओठांचे कोपरे हलले. एका जागी त्या चक्क हसल्या, आणि मला बरं वाटलं. मग मामांनी टोपी उलटी घातली असावी, कारण लोकांच्या हसण्याने गाडी भरून गेली. काकूंनी हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "यांना आवडत नाही."

मी आरशात बघितलं. मागे पडदे उघडे होते आणि गाडी रिकामी होती. रेटत नेली असती तरी चाललं असतं. मी हळूच चालवत राहिले.